घरचे मागून

प्रेमराज आबांच्या दुकानाला कधी पाटी लागली नाही. नरडाण्याला स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची खोली, दारात जळक्या तारांचा ढीग आणि आत मांडी घालून बसलेले आबा, एवढीच त्या दुकानाची खूण. आसपासच्या गावांत कुणाच्या विहिरीतली मोटार जळाली की ती इथेच यायची. आबा जळकी तार उपसून काढायचे, नवी भरायचे, वार्निश देऊन उन्हात ठेवायचे. मोटार दुकानातून गेली की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. ती चालली का? पाणी आलं का? मालक रस्त्याने जाताना दिसला की आबा आतूनच ओरडायचे, "काय रे, पानी उनं का?" तो "उनं, आबा" म्हणाला की त्यांना जेवण गोड लागायचं. एखादा सांगायला फिरकलाच नाही, तर आबा सायकल काढून थेट त्याच्या मळ्यात जायचे. त्यांची बायको झुंबरबाई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, कपाळाला हात लावायची. "मोटर त्यानी, पानी त्यानं, आनि झोप मातर तुमनी जास," म्हणायची.

सुलक्षणा या घरात सून म्हणून आली ती धुळ्याची, संगणक शिकलेली. धुळ्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तिची नोकरी होती आणि लग्नानंतरही ती रोज एसटीने ये-जा करायची. सासऱ्यांचं हे पाणी-पुराण तिला सुरुवातीला गमतीचं वाटलं. नवऱ्याला, कुंदनला, तिने विचारलंही, की तुझे वडील मोटारीला इतकं का जपतात, आजारी माणसाला जपावं तसं? कुंदन एमआयडीसीत कामाला, बोलायला कंजूस. तो म्हणाला, "लहानपणापासून बघतोय. सवय होते."

तिला खरी सवय करायला लागली ती वेगळ्याच गोष्टीची. या घरात पाहुणे आधी आणि घरचे मागून. तिच्या लग्नानंतर कुलदेवीचं जेवण होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. पंगतीमागून पंगत उठत होती, आणि नवी सून तुपाची वाटी घेऊन वाढत फिरत होती. शेवटची पंगत उठेपर्यंत बट्टीची टोपली रिकामी झाली. सुलक्षणाचे डोळे भरून आले. भूक वाईट असते आणि सासरी लागलेली भूक तर कुणाला सांगताही येत नाही. तेवढ्यात अक्काने तिचा हात धरून तिला कोठीत नेलं. तिथे परातीखाली तिच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं होतं, वर तुपाची धार धरलेली. अक्का म्हणाली, "घरना माणूस मांगे बसस. पन उपाशी नही राहत."

पुढच्या वर्षी आबांचे हात थरथरायला लागले. केसासारखी तार बोटांत टिकेना. त्यांनी दुकान बंद केलं आणि ओट्यावर खाट टाकून बसू लागले. फोन मात्र दिवसभर वाजायचा. मोटार नुसती गुणगुणते, स्टार्टर पडतो, पाणी मध्येच तुटतं. तेच प्रश्न, तीच उत्तरं, माणसं तेवढी वेगळी. आबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. शेवटी सुलक्षणाने सुट्टीच्या दिवसांत बसून एक साइट बांधली. कुणीही प्रश्न टाकावा, फोटो जोडावा, जाणत्याने उत्तर द्यावं, आणि तेच उत्तर पुढच्याला वाचायला मिळावं. नाव ठेवलं मोटारकट्टा. पहिला सभासद म्हणून तिने आबांचं नाव घातलं.

आबांना टाइप करणं जमेना, म्हणून ते फोनशी बोलायचे आणि फोन लिहायचा. अहिराणी ऐकून त्या फोनची जी तारांबळ उडायची ती बघायला शेजारची माणसं जमायची. डोळेही अधू झालेले, त्यामुळे आलेला मजकूर फोनच वाचून दाखवायचा. आबांची एकच पद्धत ठरलेली. फोनवर निरोप आला, की अमक्याने विचारलंय, तर त्यावर बोट ठेवून तेवढंच पान उघडायचं. आपण होऊन कट्ट्यावर चक्कर मारायची नाही. "बिगर बोलावता कोनाना दारमा जावानं नही," हा त्यांचा नियम लग्नाला लागू होता, मयताला नव्हता आणि इंटरनेटला होता. सुलक्षणालाही नोकरीतून कट्टा चालू ठेवण्यापुरतीच सवड मिळे, लोकांचं लिहिणं एकेक वाचत बसायला नाही.

कट्टा बघता बघता भरला. धुळ्याचे, साक्रीचे, चोपड्याचे, रावेरचे लोक आले. त्यातच मुक्ताईनगरकडचे अभिमन भाऊ आले. केळीचा बाग, खोल बोअर, आणि मोटार सारखी तापते अशी तक्रार. आबांनी केबल बदलायला सांगितली. मोटार राहिली बाजूला, दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या. 'आहे'ला हे "शे" म्हणणार, ते "हाये" म्हणणार, आणि कुणाची बोली खरी यावर वाद घालणार. भरीत कुणाकडचं चांगलं यावरून तर दोघे पोरांसारखे भांडले. त्या एका प्रश्नाखाली अख्खा खान्देश येऊन बसायचा आणि दोघांना चढवून द्यायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. फोन नंबर कट्ट्यावर दिसू द्यायचे नाहीत हा सुलक्षणाचा नियम होता, आणि तो मोडायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. आबा रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "अभिमन काय म्हनस आज?" आणि फोन कानाशी धरायचे.

मग हळूहळू कट्टा जड झाला. कुणी काही लिहिलं की पानावर चक्र फिरायचं, फिरतच राहायचं. लोकांना वाटायचं गेलं नाही, ते पुन्हा बटण दाबायचे, आणि एकच प्रश्न तीन-तीनदा दिसायचा. माणसं चिडून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांकडे वळली. आणि एक दिवस आबांनीही फोन उशाखाली सारला.

सुलक्षणाला वाटलं, त्यांनाही त्या चक्राचाच कंटाळा आला असेल. तिने विचारलं तेव्हा आबा रस्त्याकडे बघत होते.

"प्रश्न येतस, बेटा," ते म्हणाले. "पन मोटर चालनी का, पानी उनं का, हाई कोन्ही सांगस नही. उत्तर दिधं का माणूस गायब. मंग मी कोनासंगे बोली ऱ्हायनू, भिंतसंगे?"

"आणि अभिमन भाऊ?"

"त्यानंबी काम व्हई गयं. मंग आबा कोन?"

एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. त्यानंतर आबा बोलायचे कमी झाले. दारावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारायचे बंद झाले. जेवण निम्म्यावर आलं. अक्का रागाने भांडी आपटायची, पण तिचा राग कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. जन्मभर ज्या माणसाला दुसऱ्याच्या विहिरीची काळजी, त्याला आता आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटायला लागलं होतं. सुलक्षणाला हे बघवत नव्हतं. आबा पुन्हा उठून बसले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं. आणि तिच्या हातात काय, तर तो कट्टा. म्हणून तिने तोच दुरुस्त करायला घेतला. इंजिनियर माणसाचं दुःखही शेवटी कामालाच लागतं.

दोष कुठे आहे हे तिला माहीत होतं. कुणी लिहिलं, की तिचा प्रोग्राम सगळी कामं एका दमात करायला बसायचा. मजकूर साठव, फोटो लहान कर, शोधायच्या यादीत घाल, आणि त्या प्रश्नाखाली ज्याने ज्याने आजवर लिहिलंय त्या प्रत्येकाला निरोप पाठव. एवढं सगळं संपेपर्यंत लिहिणारा बिचारा चक्राकडे बघत ताटकळायचा. म्हणजे पंगतीला बसलेल्याला वाढायचं सोडून वाढप्यानेच भांडीही घासत बसायचं. तिने कामं वेगळी केली. मजकूर आला की साठवायचा आणि लगेच सांगायचं, मिळालं बाबा, तू जा आपल्या कामाला. बाकीची कामं एका रांगेत लावायची, आणि मागच्या खोलीत एक वेगळा प्रोग्राम बसवायचा, जो रांगेतलं एकेक काम उचलेल, पुरं करेल, बिघडलं तर पुन्हा करेल. कंपनीत याला क्यू म्हणतात आणि मागे राबणाऱ्याला वर्कर. हे शहाणपण तिला पहिल्या दिवशीच यायला हवं होतं, पण तेव्हा कट्ट्यावर माणसं मूठभर होती आणि सगळं चटकन व्हायचं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचा रविवार होता. ऊन भट्टीसारखं तापलेलं. अक्का आत गौराईच्या तयारीत आणि आबा ओट्याच्या सावलीत खाटेवर, डोळे मिटून. सुलक्षणाने उंबऱ्यात बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नवी व्यवस्था चालू केली. मग स्वतःच एक खोटा प्रश्न टाकून पाहिला. बटण दाबलं आणि पान आलं. चक्र दिसलंसुद्धा नाही. ती आनंदाने मोठ्याने हसली. "आबा, बघा, उडतंय!" आबांनी डोळे उघडून तिच्याकडे मायेने पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा मिटून घेतले. तिचं हसू तिथेच विरलं.

तेवढ्यात उशाखालचा फोन वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

सुलक्षणाने स्क्रीनकडे पाहिलं आणि काय झालंय ते तिला कळलं. जुना प्रोग्राम निरोप पाठवण्याआधी ते सगळे एका जागी लिहून ठेवायचा आणि मग एकेक पाठवायचा. सर्व्हर ठरावीक वेळच थांबायचा, मग मध्येच हात झटकून मोकळा व्हायचा. उरलेले निरोप तसेच पडून राहायचे, "पाठवायचा आहे" असा शिक्का घेऊन. मागे वळून त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. नवा वर्कर मात्र इमानी. त्याला शिक्का दिसला, त्याने सगळ्यात जुन्यापासून उचलायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांचे शिळे निरोप लोकांच्या फोनवर जाऊन पडत होते. कट्ट्यावर आरडाओरड सुरू झाली होती. एकाने लिहिलं होतं, "ही केबल मी विकूनही टाकली, आता कसले निरोप पाठवता?"

आणि आबांचा फोन तर थांबेचना. तिने घाईने पाहिलं. निरोप पाठवायचा क्रम तिनेच ठरवलेला होता. सगळ्यात नवा सभासद आधी, म्हणजे नव्या माणसाला परकं वाटू नये, आणि सगळ्यात जुना शेवटी. पहिला सभासद आबा. पाहुणे आधी, घरचे मागून. नवे प्रश्न थोड्या जाणत्यांनाच जायचे म्हणून आबांपर्यंत पोचत. पण गर्दीच्या प्रश्नाखाली पुढे कुणी काही लिहिलं, तर आबांची पाळी येण्याआधीच पंगत उठलेली असे. इतकी वर्षं.

तिला लाज वाटली. वर्कर बंद करायला तिने हात उचलला.

"थांब, बेटा," आबा म्हणाले. "बंद नको करू."

ते उठून बसले होते. फोन कानाशी होता आणि फोन त्याच्या कोरड्या आवाजात एकेक निरोप वाचत होता. आबा, कॅपॅसिटर बदलला, मोटार चालू झाली. आबा, पाणी आलं. पानी उनं आबा, तुमनं कल्यान व्हवो. आबा, गव्हाला पाणी मिळालं, उशिरा सांगतोय, माफ करा. आबा, पाणी आलं. फोनला त्यातलं काही कळत नव्हतं, तो बातम्या वाचावा तसं वाचत होता. आबांचे ओठ मात्र प्रत्येक निरोपाला उत्तर देत होते. "उनं ना? बरं व्हयनं. उनं ना?" अक्का पिठाच्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली होती. सुलक्षणाला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मग फोनने अभिमन भाऊंचं नाव घेतलं.

"आबा, आपल्या पोरीचं, सरिताचं, लगन जमलं. तुमाले यावंच लागीन. छापलेली पत्रिका कुठं धाडू, पत्ता नाही माह्यापाशी. हेच आवतन समजा." पुढे गावाचं नाव, तिथी, मुहूर्त. दोन वर्षांपूर्वीची तिथी. त्यानंतर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा निरोप. "आबा, पंगतीत माह्या बाजूला तुमचं पान मांडलं होतं. लई वाट पाह्यली." आणि मग एक छोटा. "काही राग आला का, आबा?" त्याच्यापुढे अभिमन भाऊंनी काही लिहिलेलं नव्हतं.

आबांनी फोन खाली ठेवला.

सुलक्षणाने सगळं सांगितलं. क्यू आणि सर्व्हर त्यांना कळणार नव्हतं, पण क्रम कळणार होता. "मीच तुम्हाला शेवटी बसवलं, आबा. घरचं माणूस म्हणून. आणि वाढणं मध्येच थांबलं ते मला दिसलंच नाही."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घरनास्ले मांगे बसाडतस, हाई खरं शे," ते म्हणाले. "पन त्यास्नं ताट झाकी ठेवतस. तुनीबी झाकीच ठेयेल व्हतं ना? आज भेटनं. झायं तर मंग."

आबा उठले ते थेट पेटीकडे गेले आणि धुतलेलं धोतर शोधू लागले. सुलक्षणा म्हणाली, आधी अभिमन भाऊंना कळवू या. आबांनी मान उडवली. "आवतन देयेल शे. देयेल आवतनले पुसानं काय? आखाजीले पोर माहेर येस. तवाच जावानं." अक्का म्हणाली, "बठ्ठ्या सुना आखाजीले माहेर जातस, हाई मनी सून सासराले संगे लई मुक्ताईनगर चालनी." पण म्हणता म्हणता तिने सरितासाठी साडी काढून ठेवली, तिला मुलं असतील-नसतील म्हणून एक झबलंही पिशवीत घातलं, आणि अभिमन भाऊंसाठी टोपी-टॉवेल. आहेर उशिरा का होईना, आहेर तो आहेर.

नरडाण्याहून पॅसेंजरने भुसावळ आणि तिथून एसटी. आबा खिडकीतून सारखे बाहेर बघत होते, आणि शेतात पाणी चालू दिसलं की बोट दाखवत होते. मुक्ताईनगरहून रिक्षाने त्या गावात पोचले तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. गावात कडुनिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. अभिमन भाऊंचं घर विचारलं तर पहिल्याच माणसाने दाखवलं, दारात केळीचे घड टेकवलेले होते. ओट्यावर एक उंच, रापलेला म्हातारा उभा होता. तो या दोघांकडे ओळख नसल्यासारखा बघत राहिला.

आबा पायरीपाशी थांबले. "बोअरनी मोटर चालस ना, भाऊ?" त्यांनी विचारलं. "पानी उनं का?"

अभिमन भाऊंचा चेहरा एकदम बदलला आणि पुन्हा घट्ट झाला. "लगन होऊन गेलं, आबा," ते म्हणाले. "पोरीले पोरगी झाली. आता आले?"

"माले आवतन आते भेटनं."

अभिमन भाऊंनी सुलक्षणाकडे पाहिलं. तिने हात जोडले. "चूक माझी आहे, काका. तुमचे निरोप माझ्या मशिनमध्ये अडकून पडले होते. रविवारी सुटले. आबांनी ऐकले आणि धोतर शोधायला लागले."

म्हातारा दोन पायऱ्या उतरून खाली आला आणि आबांचे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत धरले. हात थरथरतात हे त्याला आत्ता कळलं असावं, कारण त्याने ते सोडले नाहीत. "त्या पानावर मी कोणाले बसू नव्हतं देलं," तो म्हणाला. "लोक हासले माह्यावर. म्हणे, फोनातला पाहुणा कुठं जेवाले येतो का?"

आत सरिता होती, मांडीवर पोरगी घेऊन. साडी दिली, झबलं दिलं. पोरीला ते आखूड झालं आणि सगळे हसले. मग अभिमन भाऊंनी हाक दिली, पाहुण्यांची पानं मांडा. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस, कुरडया. केळीची दोन पानं मांडली गेली, सुलक्षणाचं आणि आबांचं. सरिता पाट घेऊन आली.

आबा बसले नाहीत. ते मागे सरकून भिंतीशी, अभिमन भाऊंच्या खाटेवर जाऊन टेकले.

"बसा ना, आबा," सरिता म्हणाली. "पाहुणे आधी."

"बरोबर शे, माय. तिले वाढ, ती पाव्हनी शे," आबा म्हणाले. "मी घरना शे. मी मांगून बसस."

अभिमन भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आबांचं मांडलेलं पान बाजूला घेतलं, जवळ आपलंही एक मांडलं, दोन्ही वाढून घेतली आणि वर ताट झाकलं. मग ते खाटेवर आबांच्या शेजारी येऊन बसले. सुलक्षणा एकटी पहिल्या पंगतीला बसली. पोळीवर तूप पडलं, रस वाढला गेला. समोर दोन म्हातारे भुकेल्या पोटी, खांद्याला खांदा लावून, भरीत कुणाकडचं चांगलं यावर भांडत होते आणि आपली पाळी यायची वाट बघत होते. सुलक्षणा त्या दिवशी मुद्दाम हळूहळू जेवली.